कुंदा तळेकर त्या दिवशी हजर होती

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
माध्यमिक परीक्षांचे जुने अभिलेख,
उपनगर शाखा, मुंबई.

अर्जदार : श्रीमती कुंदा मधुकर पेडणेकर (माहेरचे नाव कु. कुंदा काशीराम तळेकर), वय ६५, राहणार मरोळ, अंधेरी (पूर्व).

विषय : मार्च १९७६ च्या शालान्त परीक्षेत ‘नाट्य’ या विषयापुढे पडलेला ‘गैरहजर’ हा शेरा काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. २) आपल्या कार्यालयाची तीन पत्रे. ३) खिडकी क्रमांक दोनवरील श्री. नितेश यांच्याशी वेळोवेळी झालेले बोलणे.

महोदय,

१. ही हकीकत सन १९७६ ची आहे. त्या वर्षी विलेपार्ले (पूर्व) येथील सरस्वतीबाई गद्रे विद्यालयात दहावीच्या मुलांना चित्रकला, शिवण किंवा नाट्य यांपैकी एक विषय घेता येत असे. नाट्य घेणारे चौघेच होते. ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही आणि सरळ रेघही मारता येत नाही त्याच्यासाठी हा विषय आहे, असे चित्रकलेचे सर उघड म्हणत. चौघांपैकी जानकी आणि अनंत पार्ल्यातलेच, नोकरदारांच्या घरचे. रतन मढचा, तो रोज होडीने वेसाव्याला उतरून पुढे बसने शाळेत येई आणि त्याच्या दप्तराला सुक्या बोंबलाचा वास येतो म्हणून जानकी नाक मुरडी. चौथी अर्जदार, म्हणजे गिरणीकामगार काशीराम तळेकर यांची थोरली मुलगी. मंगळवारी आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर प्रयोगशाळेशेजारच्या अडगळीच्या खोलीत तास होई. शिकवायला विमला सोहोनी बाई होत्या. त्यांचा मूळ विषय भूगोल. नाट्य त्या हौसेने शिकवत.

२. अर्जदाराला अभिनय येत नव्हता, हे येथे मान्य करणे भाग आहे. वडील तिसऱ्या पाळीला जात आणि दिवसा झोपत. दहा बाय बाराच्या खोलीत त्यांची झोप मोडू नये म्हणून चारही भावंडे कुजबुजतच वाढली. त्यामुळे अर्जदाराचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नसे. पहिल्याच तालमीत अनंत म्हणाला, “बाई, हिचं काहीच ऐकू येत नाही. ही बोलतेय का देवाचं नाव घेतेय?” सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी अर्जदाराला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे केले, स्वतः पाठमोऱ्या झाल्या आणि म्हणाल्या, “आता फक्त मला सांग.” अर्जदाराने सांगितले. बाई वळून म्हणाल्या, “ओरडायला कुणालाही येतं गं कुंदा. हा आवाज मिळत नाही.” तेव्हापासून अर्जदार प्रॉम्प्टर झाली. अभ्यासक्रमातही ‘रंगमंच-व्यवस्था व प्रॉम्प्टिंग’ यास स्वतंत्र चाळीस गुण होते.

३. साहेबांचा या कामाशी संबंध आला नसण्याची शक्यता गृहीत धरून थोडे लिहिते. प्रॉम्प्टर विंगेत, कोणाला दिसणार नाही असा उभा राहतो. हातात नाटकाची वही असते. नट नुसता थांबला आहे की अडला आहे, हे त्याच्या श्वासावरून ओळखावे लागते. थांबलेल्याला वाक्य दिले तर तो चिडतो. अडलेल्याला दिले नाही तर तो बुडतो. वाक्य फक्त त्याच्यापर्यंत पोचले पाहिजे, पहिल्या रांगेतल्या माणसाला कळता कामा नये. आणि बाईंचा शेवटचा नियम असा, की कोण कुठे अडले हे प्रॉम्प्टरने जन्मात कोणाला सांगायचे नाही. “वहीवर खुणा कर, पण वही तुझ्यापाशीच ठेव. त्यांनी तुझ्यावर भरवसा टाकलेला असतो.” अर्जदार तेव्हा सोळा वर्षांची होती. तिच्यावर कोणी भरवसा टाकल्याचे तिला प्रथमच कळले.

४. प्रात्यक्षिक परीक्षा गुरुवार, दि. ११ मार्च १९७६ रोजी शाळेच्या सभागृहात झाली. बाहेरगावचे परीक्षक आले होते. नियमाप्रमाणे विषय-शिक्षकाला आत थांबता येत नव्हते, म्हणून बाई जिन्यात उभ्या होत्या. बाईंनीच लिहिलेली चाळीस मिनिटांची नाटिका होती. गावातली टपाल कचेरी, पोस्टमास्तर अनंत, रोज पत्राची चौकशी करायला येणारी बाई जानकी, आणि बाकावर बसून सगळ्यांना सल्ले देणारा म्हातारा रतन. प्रयोग चांगला झाला. अर्जदार सकाळी सात वाजल्यापासून कुजबुजत होती, कारण प्रयोगाआधी तिघांनाही एकेकदा आपले वाक्यन् वाक्य ऐकायचे होते.

५. पडदा पडल्यावर परीक्षकांनी सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या आपल्या टेबलावरून हजेरी घेतली. तिघे रंगमंचावर ओळीत उभे होते. अर्जदार विंगेत पडद्याची दोरी गुंडाळत होती. जानकीचे नाव आले, ती खणखणीत “हजर” म्हणाली. अनंत म्हणाला. रतन म्हणाला. मग ‘कुंदा तळेकर’ असे नाव आले आणि अर्जदार “हजर” म्हणाली; परंतु दिवसभराच्या सवयीने तिने ते प्रॉम्प्टिंगच्या आवाजात म्हटले. परीक्षकांनी तीनदा पुकारले. अर्जदाराने तीनदा उत्तर दिले. रंगमंचावरच्या तिघांना ते तीनही वेळा स्वच्छ ऐकू आले, म्हणून त्यांपैकी कोणाला मध्ये बोलण्याची गरज वाटली नाही. परीक्षकांना एकदाही ऐकू गेले नाही. टेबलाच्या डोक्यावर पंखा होता, हेही नमूद करते. दोष कोणाचाच नाही.

६. जूनमध्ये गुणपत्रिका आली तेव्हा ‘नाट्य’ या शब्दापुढे ‘गैरहजर’ असे लिहिलेले होते. हा विषय एकूण बेरजेत धरत नसल्यामुळे अर्जदार पास होती. मुख्याध्यापक म्हणाले, काही बिघडत नाही. वडील मालवणीत म्हणाले, “पास झालंस मां? मगे गप रव.” बाईंनी एकट्यांनी कार्यालयास पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. अर्जदार गप राहिली, ती एकोणपन्नास वर्षे.

७. त्या वर्षांत सांगण्यासारखे फारसे नाही. अर्जदाराने मरोळच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या पाकिटांत भरण्याचे काम एकतीस वर्षे केले. यंत्रांच्या घरघरीत मोठ्याने बोललेलेही ऐकू येत नसे, मग अर्जदाराचे कुठून यावे? बायका हातवाऱ्यांनी बोलत. मुलगी श्वेता बंगळुरूस असते, दर रविवारी फोन करते. पती २०१६ साली गेले. राहती चाळ पाडून त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत अर्जदारास अकराव्या मजल्यावर घर मिळाले आहे. घर हवेशीर आहे. चाळीत कोणी शिंकले तरी तीन दारांतून “काय गं, सर्दी?” असे येई. येथे मजल्यावर आणखी चार दारे आहेत. पैकी दोन बंद असतात, आणि उरलेल्या दोन घरांतील माणसे सज्जन असून लिफ्टमध्ये मान हलवतात. गेल्या वर्षी एकदा अर्जदाराच्या लक्षात आले, की मंगळवारी भाजीवाल्याशी बोलल्यानंतर थेट शुक्रवारी तिने तोंड उघडले. तेव्हा आवाज लगेच निघाला नाही.

८. मागील डिसेंबरात अर्जदार पोळ्यांचे पीठ घेऊन नूतन प्रभात विद्यालयाच्या कुंपणाच्या भिंतीलगत चालली होती. आत नववीची मुले नाटक बसवत होती. या शाळेत नाट्य हा विषय नव्याने सुरू झाला आहे. पण शिकवणाऱ्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि मुले आपली आपणच झटत होती. ऋतिका नावाची मुलगी एकाच वाक्यावर अडत होती. भिंतीबाहेर उभ्या उभ्या अर्जदाराला ते वाक्य चार वेळा ऐकून पाठ झाले होते. पाचव्या वेळी मुलगी अडली आणि अर्जदाराच्या तोंडून पुढचे तीन शब्द गेले. मुलगी पुढे बोलत सुटली. मग अनय नावाचा मुलगा ओरडला, “ए, थांबा थांबा! भिंत बोलली रे!” दुसरा म्हणाला, “भिंत कसली, तुझी वाट लागलीय.” शेवटी ऋतिका भिंतीवर चढली, खाली पाहिले आणि म्हणाली, “आजी, तुम्ही आत या ना. बाहेर कशाला?”

९. अर्जदार आत गेली. जानेवारी व फेब्रुवारी असे दोन महिने ती मंगळवार-शुक्रवार शाळेत जात होती. स्नेहसंमेलनात विंगेत वही घेऊन उभी राहिली. ऋतिकाला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवले. मुले जाता-येता जिन्यात ‘आजी, झकास!’ म्हणत. असे असता मुख्याध्यापिका रेवती मॅडम यांनी मार्चमध्ये खेदाने सांगितले, की येत्या जूनपासून बाहेरच्या व्यक्तीला वर्गात घ्यायचे तर ऑनलाइन नोंदणी लागते आणि नोंदणीत तो विषय शिकून त्याची परीक्षा दिल्याचा पुरावा लागतो. विषयाचे नाव तरी तिच्यावर आहे म्हणून अर्जदाराने हौसेने जुनी गुणपत्रिका नेली. मॅडमनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “कुंदाताई, किती मार्क पडले ते कोणी विचारत नाही हो. पण ‘गैरहजर’ टाकलं की फॉर्म पुढेच सरकत नाही. मी तीनदा करून बघितलं.” शाळा सोमवार, दि. १६ जून रोजी सुरू होते. त्यापूर्वी कागद न मिळाल्यास ती जागा दुसऱ्या संस्थेच्या माणसाला दिली जाईल. अर्जदाराची निकड एवढीच आहे.

१०. आता आपल्या तीन पत्रांविषयी.

पहिल्या पत्रात, अर्जदारास परीक्षेच्या जागी प्रत्यक्ष पाहिलेल्या साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे मागितली होती. अर्जदार मढला जाऊन रतनला भेटली. त्याने तात्काळ सही केली, पण मजकूर स्वतःच सांगितला : ‘मी तिला पाहिले नाही, ऐकले. पाठ तिच्याकडे होती माझी.’ अर्जदाराने त्याला विनवले, की रतन, ‘पाहिले’ एवढे लिही. तो म्हणाला, “खोटं कशाला लिहू गं? दिसली असतीस तर आपण नापास झालो असतो.” हे प्रतिज्ञापत्र कार्यालयाने ‘प्रत्यक्षदर्शी नाही’ म्हणून परत केले.

दुसऱ्या पत्रात छायाचित्र मागितले. ते अर्जदारापाशी आहे. त्यात तिघे ठळक दिसतात, आणि डावीकडे पडद्याच्या कडेला वही धरलेली चार बोटे दिसतात. श्री. नितेश यांनी भिंग लावून पाहिले आणि म्हणाले, “आजी, बोटं तुमचीच असतील, मी मानतो. पण साहेब विचारणार, बोटांवर नाव आहे का?” अर्जदाराने आपला हात खिडकीतून आत घालून तुलनेसाठी दाखवला. मागची रांग थोडी खोळंबली, त्याबद्दल दिलगीर आहे.

तिसरे पत्र सर्वांत अवघड आहे. आपल्या कार्यालयास त्या परीक्षकांचा मूळ अहवाल सापडला, याबद्दल आभार. त्यात त्यांनी स्वहस्ते लिहिले आहे : ‘पाठांतर उत्कृष्ट. या संघास प्रॉम्प्टरची गरज भासली नाही.’ यावरून कार्यालयाने असा निष्कर्ष काढला, की प्रॉम्प्टर नव्हताच. महोदय, अर्जदाराने ती ओळ खिडकीपाशी उभी राहून वाचली. तिच्या कामाची एवढी तारीफ आयुष्यात दुसऱ्या कोणी केली नाही, आणि तीच तिच्या विरुद्ध पुरावा म्हणून फाइलला लावली आहे.

११. अनंतविषयी सोबतच्या यादीत लिहिले आहे. राहिली जानकी. ती मुलुंडला असते. हौशी रंगभूमीवर तिने चाळीस वर्षे कामे केली, तिच्या दिवाणखान्यात मानचिन्हांचे कपाट आहे. अर्जदार गेली तेव्हा तिचे नातू, सून सगळे घरी होते. जानकीने आग्रहाने आमरस वाढला, जुन्या आठवणी काढल्या आणि म्हणाली, “पण प्रॉम्प्टर होता का गं आपल्याला? मला तर त्या दिवशी एक शब्दसुद्धा अडला नव्हता. तेव्हापासून आजपर्यंत नाही!” नातू म्हणाला, “आजी कधीच अडत नाही, ती फेमस आहे त्याच्यासाठी.” अर्जदाराने वाटीतला रस संपवला आणि म्हणाली, “खरंच, छान केलं होतंस.”

हे सर्व श्री. नितेश यांना सांगितल्यावर त्यांनी विचारले, की तुमची ती वही कुठे आहे? वही अर्जदारापाशी आहे. पहिल्या पानावर परीक्षकांची तारीख घातलेली सही आहे, कारण प्रयोगाआधी संहिता तपासून घ्यावी लागे. आत प्रत्येक अडखळण्यापाशी त्याच दिवशी पेन्सिलीने केलेली खूण आहे आणि समोर नावाचे आद्याक्षर आहे. श्री. नितेश म्हणाले, “अहो आजी, मग प्रश्नच मिटला! उद्या घेऊन या, मी स्वतः टेबलावर ठेवतो.” अर्जदार तीन दिवस ती वही पिशवीत घालून घराबाहेर पडली. तिसऱ्या दिवशी आपल्या कार्यालयाच्या जिन्यापर्यंत आली. वही फाइलला लागली की शिक्का बसणार, प्रती निघणार, आणि साक्षीसाठी एक प्रत संघातल्या इतरांना पाठवण्याची आपली पद्धत आहे, असे श्री. नितेश यांनीच सांगितले होते. अर्जदार जिन्यावरून परत गेली. वही देता येणार नाही. त्या तिघांनी अर्जदाराच्या भरवशावर तोंड उघडले होते, आणि त्यांपैकी एकीला आता हे आठवत नाही म्हणून तो भरवसा रद्द होत नाही. ही वही नसल्यास अर्ज फेटाळला जाण्याचा संभव आहे, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे.

१२. सबब अर्जदाराची प्रार्थना पुढीलप्रमाणे आहे :

अ) उपलब्ध कागदांवरूनच ‘गैरहजर’ हा शेरा काढावा.

ब) ते शक्य नसल्यास परीक्षा आता घ्यावी. त्या वेळचा अभ्यासक्रम बंद झाल्याने आणि संघात किमान चार उमेदवार लागत असल्याने तसे करता येत नाही, असे कळले. तरी विनंती अशी, की आपल्याच कार्यालयातील तिघांना जेवणाच्या सुट्टीत चाळीस मिनिटे मोकळीक द्यावी. टपाल कचेरीचे नाटक असल्यामुळे टेबल-खुर्च्या आणाव्या लागणार नाहीत. म्हाताऱ्याच्या भूमिकेस श्री. नितेश तयार आहेत. कोणास पाठ करण्याची गरज नाही. अर्जदारास तिघांचीही सर्व वाक्ये आजही येतात. ती कपाटामागे उभी राहील. आपण समोर बसावे. आपणांस काहीही ऐकू आले नाही, तर उत्तीर्ण समजावे.

क) हेही शक्य नसल्यास गुणांच्या रकान्यात शून्य लिहावे. अर्जदाराची कोणतीही हरकत राहणार नाही. शून्य गुण निदान परीक्षेला आलेल्यालाच देतात.

निर्णय सोळा जूनपूर्वी कळल्यास मंगळवार चुकणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
कुंदा मधुकर पेडणेकर
(कुंदा काशीराम तळेकर)
मरोळ, दि. ९ मे २०२५

सोबतची कागदपत्रे, आणि जी जोडता आली नाहीत त्यांची कारणे :

१) गुणपत्रिकेची प्रत. जोडली आहे.

२) छायाचित्राची प्रत. जोडली आहे. बोटांभोवती शाईने गोल केला आहे.

३) परीक्षकांचे पत्र. जोडलेले नाही. ते १९९१ साली वारले. त्यांच्या कन्येने कळवले, की वडिलांचे सर्व कागद घर बदलताना रद्दीत गेले. मात्र ते भिडस्त स्वभावाचे होते आणि कोणाचे वाईट व्हावे असे त्यांना कधी वाटले नसते.

४) विमला सोहोनी बाईंचे प्रमाणपत्र. जोडलेले नाही. त्या १९८४ साली निवृत्त झाल्या आणि त्यांच्याबरोबर शाळेतला नाट्य विषयही बंद झाला. पुढे नाशिकला भाचीकडे राहिल्या, १९९८ साली गेल्या. शाळेच्या जागी आता निवासी मनोरा आहे.

५) अनंत यांचे प्रतिज्ञापत्र. जोडलेले नाही. ते बँकेतून निवृत्त होऊन बोरिवलीस राहत होते, २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेले. पत्नीने लिहून दिले आहे, की घरात काही विसरले की ते ‘आता कुंदा हवी होती’ असे म्हणत. ही ऐकीव माहिती असल्याने ग्राह्य नाही, हे माहीत आहे. तरी जोडली आहे.

६) रतन यांचे परत आलेले प्रतिज्ञापत्र. पुन्हा जोडले आहे. त्यांनी होडी विकली. घराचे अंगण शूटिंगला भाड्याने देतात आणि गर्दीच्या दृश्यांत स्वतःही उभे राहतात. त्यांना वाक्य देत नाहीत.

७) जानकी यांचे प्रतिज्ञापत्र. जोडलेले नाही. मागितलेले नाही. त्यांची प्रकृती उत्तम आहे, आणि येत्या दिवाळीत त्यांचा सत्कार आहे. अर्जदारास आमंत्रण आले आहे. ती जाणार आहे.

८) अर्जदाराचा बँकेने दिलेला हयातीचा दाखला. आपण मागितला नव्हता. जोडला आहे.